खेळ, गणित आणि विशेष शिक्षकाची ओळख : वाचकांचे प्रश्न

विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या गणिताविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांची व शाळांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी समग्र शिक्षा योजनेत कंत्राटी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. तालुक्यातील ठरवून दिलेल्या शाळांना भेटी देऊन तेथील मुलांचे भाषा व गणित घेते. गणितासाठी मी सापशिडी, पत्ते, चिंचोके असे साहित्य वापरते. एका शाळेचे मुख्याध्यापक सर्वांसमोर म्हणाले, “मॅडम, मुलांना खेळवता ते ठीक आहे, पण शिकवता कधी?” गेल्या वर्षी एका स्थानिक मंडळाने आदर्श शिक्षिका म्हणून शाल-श्रीफळ दिले, त्याचा आनंद आहेच, परंतु कार्यालयात माझी ओळख ‘फिरत्या बाई’ एवढीच आहे. माझ्या कामाला व्यवसाय म्हणून मान्यता कशी मिळेल?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सेवेतील स्थान कायद्याने आणि शासनाच्या निर्णयाने ठरते, तर शाळेतील मान आपल्या कामाचा हिशेब समोरच्याला दिसतो की नाही यावर ठरतो. दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती आपल्या हातात आहे. शिवाय मुख्याध्यापकांचा सूर खटकणारा असला तरी त्यांचा प्रश्न गैरवाजवी नाही. खेळातून मूल नेमके काय शिकले हे सांगता आले नाही, तर तो तास खरोखरच करमणुकीचा होतो.

सापशिडीचेच उदाहरण घेऊ. एक मुलगा ३४ वर उभा आहे आणि फाशावर पाच पडले. तो बोट ३४ वरच ठेवून “एक” म्हणतो, ३५ वर “दोन”, ३६ वर “तीन” असे करत ३८ वर थांबतो. बघणाऱ्याला एवढेच दिसते की सोंगटी एक घर मागे राहिली. प्रशिक्षित शिक्षिकेला त्यात दोन निरनिराळ्या अडचणी दिसायला हव्यात. पहिली अशी की मूल उड्या मोजत नसून घरे मोजत आहे, त्यामुळे ज्या घरात ते उभे आहे तेही मोजणीत येते. हेच मूल पुढे बेरीज करताना बोटांवर ३४ धरून “चौतीस, पस्तीस, छत्तीस” असे मोजते आणि उत्तर प्रत्येक वेळी एकने कमी येते. दुसरी अडचण सहज नजरेतून सुटते. “एक, दोन, तीन” असे म्हणत पुढे गेल्यामुळे त्या मुलाने पटावरचा ३५, ३६, ३७ यांपैकी एकही अंक वाचलेला नाही. पट शंभरापर्यंतचा असला तरी त्या मुलासाठी खेळ सहापर्यंतचाच राहिला आहे.

यावरचा उपाय साधा आहे. सोंगटी उचलल्यावर ज्या घरात ती टेकेल त्या घराची संख्या मोठ्याने म्हणायची : पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शंभरापर्यंतच्या पटावर अशा प्रकारे पुढून मोजणाऱ्या मुलांची संख्यांची समज सुधारली. दर खेपेला एकपासून मोजणाऱ्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. खेळ, पट आणि फासा तेच असताना केवळ तोंडाने काय म्हटले जाते यावर फरक पडतो. ही बारकाई ठाऊक असणे आणि ती मुलाकडून न कंटाळता करवून घेणे हेच आपले व्यावसायिक कौशल्य आहे, आणि मुख्याध्यापकांना तेच दाखवायचे आहे.

बाजारात मिळणाऱ्या सापशिडीत आणखी एक अडचण आहे. तिची खालची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, तिच्यावरची ओळ उजवीकडून डावीकडे येते आणि तिसरी पुन्हा दिशा बदलते. ज्या मुलाला दिशेचे भान कमी आहे ते दहावरून अकरावर जाताना हमखास अडखळते, आणि आपण समजतो की त्याला अकरा येत नाही. म्हणून सुरुवात सरळ पट्टीने करावी. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर एका ओळीत १ ते १० ची सारख्या मापाची घरे आखावीत, फाशावर फक्त एक आणि दोन असावेत, साप नसावेत आणि शिड्याही नसाव्यात. सीग्लर आणि गीता रामानी यांनी अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांबरोबर अशीच पट्टी वापरली होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन आठवड्यांत मिळून साधारण तासाभराचा खेळ झाला होता, आणि त्याचा परिणाम नऊ आठवड्यांनंतरही टिकून होता. अंकांऐवजी नुसते रंग असलेली पट्टी खेळलेल्या मुलांत ती प्रगती झाली नाही. अर्थात ती मुले दिव्यांग नव्हती, त्यामुळे आपल्या मुलांना तेवढ्याच वेळात तेवढाच लाभ होईल असे गृहीत धरू नये. आपल्याकडे त्याच पट्टीवर महिनाही जाऊ शकतो. दहाची पट्टी पक्की झाली की वीसची घ्यावी, नंतर सगळ्या ओळी डावीकडून सुरू होणारा शंभराचा तक्ता आणि सर्वांत शेवटी वळणाची सापशिडी.

आता नोंदीविषयी. ‘आज सापशिडी घेतली, मुले आनंदाने सहभागी झाली’ या नोंदीतून कोणालाच काही कळत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की बहुतेक वह्यांत हेच वाक्य असते. त्याऐवजी नोंद साधारण अशी असावी : ‘४१ ते ६० ची पट्टी, सहा पाळ्या. उभे असलेले घर दोनदा मोजले, नंतर स्वतःहून दुरुस्त केले. ५० वर थांबला, “पन्नासच्या पुढे?” असे विचारल्यावर एक्कावन्न म्हणाला. मदत : शाब्दिक.’ मदत कोणत्या पातळीची होती हे प्रत्येक वेळी लिहिलेच पाहिजे. हात धरून करवून घेतले, करून दाखवले, खुणेने सुचवले, शब्दाने सांगितले की मुलाने स्वतःहून केले, या क्रमातच बहुतेक वेळा आपल्या मुलांची प्रगती लपलेली असते. ज्या मुलाला श्रावणात हात धरून सोंगटी हलवावी लागत होती आणि जो दिवाळीनंतर नुसत्या खुणेवर हलवतो, त्याचे चाचणीतले गुण शून्यच राहिले असतील. पण ते मूल शिकले आहे आणि आपल्याकडे त्याचा पुरावा आहे.

ही नोंद वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यातील उद्दिष्टाशी जोडावी. उद्दिष्ट ‘संख्याज्ञान वाढवणे’ असे मोघम न ठेवता ‘१ ते ६० मधील कोणत्याही संख्येपासून पुढे सहा घरांपर्यंत, शाब्दिक मदतीशिवाय मोजतो’ असे तपासता येईल असे लिहावे. मग मुख्याध्यापकांना एखाद्या तासाला बोलवावे, आराखड्याचे पान हातात द्यावे आणि मुलाबरोबर एक डाव त्यांनाच खेळायला सांगावे. व्याख्यानापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो. खेळ संपला की बहुतेक मुख्याध्यापक शाळेतील इतर दोन-चार मुलांची नावे स्वतःहून सांगू लागतात.

राहिला सेवेचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणातील २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सर्वसाधारण शाळांमध्ये विशेष शिक्षकांची कायम पदे असावीत असे स्पष्ट केले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यावरील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. ७ मार्च २०२५ च्या आदेशात न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून भरण्याचे निर्देश दिले आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करणाऱ्या विशेष शिक्षकांच्या पात्रतेची छाननी समितीमार्फत करण्यास सांगितले. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, प्रत्येक शैक्षणिक केंद्रासाठी (जवळपासच्या शाळांच्या गटासाठी) एक याप्रमाणे ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता. अशा छाननीत अर्हतेची प्रमाणपत्रे, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची चालू नोंदणी आणि सेवेचे सलग दाखले हेच कामाला येतात, तेव्हा प्रत्येक वर्षाचा नियुक्ती आदेश आणि हजेरीचा दाखला एका फाइलमध्ये जपून ठेवावा. शाल-श्रीफळाचा फोटो त्या फाइलमध्ये ठेवायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात तिसरीत आहे. वाचन ठीक आहे, गोष्टी छान सांगते, पण गणितात फार मागे आहे. ‘त्रेसष्ट’ म्हटले की ३६ लिहिते. एकोणपन्नास म्हणजे ५९ असे तिला वाटते. वर्गशिक्षिका म्हणतात की लक्ष देत नाही, तर नातेवाईक म्हणतात की तिला डिस्कॅल्क्युलिया (गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता) असेल. घरी काय करावे?

उत्तर : आपण दिलेल्या दोन उदाहरणांवरून घाईने कोणतेही नाव लावू नये, कारण त्या दोन्ही चुकांत मराठी संख्यानामांचा वाटा मोठा आहे. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ, पण लिहिताना सहा आधी लिहायचा असतो. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ३६ लिहिणारच. एकोणपन्नास या शब्दात पन्नास ऐकू येते आणि लिहायचे असतात चाळीस व नऊ. त्यातही नव्व्याण्णवला हा ‘एकोण’चा नियम लागू नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि विनोदही पुष्कळ झाले. ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागची भूमिका तेव्हा मांडली होती. भाषा बिघडेल ही भीती मला तेव्हाही पटली नव्हती. ज्या मुलांना गणित जड जाते त्यांच्यासाठी ही पायरी अत्यंत उपयोगी आहे, आणि ती वापरूनही मूल पुढे त्रेसष्ट म्हणायला शिकतेच.

घरी ‘बँक’ नावाचा खेळ सुरू करा. खेळातल्या दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या. खरी नाणी घेणार असाल तर दोन आणि पाच रुपयांची नाणी आधी बाजूला काढा; नव्या एक व दोन रुपयांच्या नाण्यांत मोठ्यांचीही फसगत होते, आणि पाचच्या नाण्यामुळे सुरुवातीला गोंधळ वाढतो. फासा टाकायचा, पडेल तेवढी नाणी बँकेतून घ्यायची आणि दहा नाणी झाली की ती बँकेत देऊन दहाची नोट घ्यायची. प्रत्येक पाळीनंतर मुलीने आपल्याजवळचे पैसे नोटा आधी आणि नाणी नंतर या क्रमाने मांडायचे, बोट ठेवून “साठ आणि तीन” म्हणायचे, ६३ लिहायचे आणि मग आपण “म्हणजे त्रेसष्ट” असे जोडायचे. हा क्रम मोडू नये. पैसे हाताळणे, मांडणे, लिहिणे आणि शेवटी नाव, असा तो आहे. ज्याच्याजवळ आधी शंभर रुपये होतील तो जिंकला.

खेळताना एका क्षणाकडे लक्ष ठेवा. तिच्याजवळ आठ नाणी आहेत आणि फाशावर पाच पडले. ती तेरा नाणी जमवून त्यांतील दहा मोजून देते, की “दोन दिले की दहा होतील, तीन उरतील” असे करते, की नोट घ्यायचे विसरून तेरा नाणी तशीच ठेवते? तिसरा प्रकार वारंवार होत असेल तर दहा सुट्यांचा एक दशक होतो ही कल्पनाच अजून बसलेली नाही, आणि तेथे संख्यानामांना दोष देऊन चालणार नाही. मग नोटा बाजूला ठेवून आगपेटीच्या काड्या घ्या व दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून बांधू द्या, कारण गठ्ठा सोडला की आत दहा काड्या दिसतात. नोट सोडता येत नाही. हा टप्पा पक्का झाला की खेळ उलटा करा : साठ रुपयांपासून सुरुवात करून फाशावर पडतील तेवढे बँकेला द्यायचे. नोट मोडून सुटे घ्यावे लागतात तेव्हा हातच्याची वजाबाकी आपोआप समोर येते.

दहाच्या आतील बेरजा पक्क्या नसतील तर चिंचोके उत्तम. दहा चिंचोके मोजून घ्यावेत, काही मुठीत झाकावेत, उरलेले उघडे ठेवावेत आणि मुठीत किती ते विचारावे. उत्तर आले की मूठ उघडून मोजू द्यावे. आपल्याकडची जुनी ‘एकी-बेकी’ही याच जातीची आहे, मुठीतले चिंचोके जोड्या लावून मांडले की सम-विषम वेगळे शिकवावे लागत नाही. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि मुलगी हरून रडवेली होण्याआधी थांबावे.

तपासणीविषयी एवढेच सांगतो. गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता खरी असते; निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत तिचे प्रमाण साधारण ३ ते ७ टक्के मुलांत आढळले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळू शकतात. निदान साधारणपणे आठ वर्षे पूर्ण झाल्यावर करतात. तीन-चार महिने नियमित आणि नोंदी ठेवून खेळल्यावरही तीच अडचण तशीच राहिली, तर शासकीय रुग्णालयात किंवा बालमानसतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना आपली नोंदवही बरोबर न्यावी. ‘लक्ष देत नाही’ हे निदान नव्हे.

प्रश्न : मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. समावेशित शिक्षणाचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतले आहे आणि माझ्या वर्गातील दोन दिव्यांग मुलांसाठी मी गणिताचे बरेच साहित्य तयार केले आहे. मला विशेष शिक्षिका म्हणवून घेता येईल का? राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी अर्ज करता येईल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते स्पष्टपणे दिलेले बरे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार मान्य अर्हता असलेल्या आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीलाच पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येते. विशेष शिक्षक याच वर्गात मोडतात. कलम १३ चे उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायदा अंमलात आहे. विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. हे अभ्यासक्रम बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, विशिष्ट अध्ययन अक्षमता अशा शाखांनुसार असतात, आणि प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावे. मान्यता नसलेल्या संस्थेत वर्षे आणि पैसे गमावलेले विद्यार्थी भेटतात तेव्हा फार वाईट वाटते. नोंदणी एकदा झाली म्हणजे कायमची होत नाही. तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांना हजेरी लावावी लागते. कार्यरत शिक्षकांच्या नोंदणीची मुदत उलटून गेलेली असते आणि भरतीची जाहिरात आल्यावरच ते ध्यानात येते, असे बरेचदा घडते.

मात्र समावेशक वर्गातील आपले काम दुय्यम आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. विशेष शिक्षिका ठरलेल्या वारी येते. मुले रोज आपल्याकडे असतात. आपण ‘समावेशक वर्गाची शिक्षिका’ म्हणूनच आपले काम मांडावे, कारण ते बिरुद खरे आहे आणि दुर्मीळही.

पुरस्काराविषयी : राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतात. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर निवड होते, आणि शिक्षकदिनी रौप्यपदक, प्रमाणपत्र व ५०,००० रुपये दिले जातात. आपण नियमित सेवेत असाल तर अर्ज जरूर करा. कंत्राटी शिक्षकांना मात्र हा पुरस्कार नियमाने बंद आहे, आणि विशेष शिक्षकांतील मोठा वर्ग कंत्राटी असल्यामुळे ज्यांचे काम सर्वांत जास्त वेगळे तेच बाहेर राहतात. मला हा नियम अन्यायकारक वाटतो. त्यांच्यासाठी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचे ३ डिसेंबरला दिले जाणारे राष्ट्रीय पुरस्कार पाहण्याजोगे आहेत. त्यांत पुनर्वास व्यावसायिकांसाठी स्वतंत्र गट आहे.

अर्जात साहित्याच्या फोटोंची रांग लावू नका. एकाच मुलाची वर्षभरातील वाटचाल, कोणता खेळ का बदलला आणि बदलल्यावर काय झाले, हे तारीखवार दाखवा. रंगीत तक्ते सगळेच पाठवतात. ‘फाशावरचे सहा ठिपके एका नजरेत ओळखता येत नव्हते म्हणून तीनपर्यंतचा फासा केला’ हे वाक्य ज्याने प्रत्यक्ष शिकवले आहे तोच लिहू शकतो, आणि निवड समितीतील जाणकाराला ते ओळखू येते.

प्रश्न : मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत पंधरा ते अठरा वयोगटाला शिकवतो. या वयाच्या मुलांपुढे सापशिडी ठेवणे मलाच बरे वाटत नाही. शिवाय एक मुलगा हरला की सगळ्या सोंगट्या उधळून देतो. काय करावे?

उत्तर : आपला संकोच योग्य आहे. सतरा वर्षांच्या मुलाची गणितातील पातळी पहिलीची असली तरी तो मुलगा सतरा वर्षांचाच आहे, आणि त्याच्या वयाला शोभेल असेच साहित्य त्याच्या हातात हवे. पत्ते या बाबतीत फार उपकारक आहेत, कारण घरातली मोठी माणसे पत्ते खेळताना त्याने पाहिलेली असतात. ‘बदाम सात’ घ्या. राजा, राणी, गुलाम काढून टाका, एक्क्याला एक माना. सत्ती लावली की तिच्या एका बाजूला अठ्ठी, नव्वी, दश्शी आणि दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी, चव्वी लागत जाते. म्हणजे प्रत्येक पाळीला ‘अगोदरची कोणती, नंतरची कोणती’ हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तोही प्रश्नपत्रिकेचे रूप न घेता. ज्यांना दहा पाने हातात धरता येत नाहीत त्यांच्यासाठी जुन्या पट्टीला खाच पाडून पाने उभी ठेवण्याची सोय करावी. सुरुवातीला फक्त बदाम आणि इस्पिक असे दोनच रंग घेतले तर डाव लवकर संपतो आणि सगळ्यांचे लक्ष टिकते.

त्याबरोबर किराणा दुकानाचा खेळ ठेवावा, पण त्यात खऱ्या पुड्या, खऱ्या किमती आणि खऱ्या नोटा असाव्यात. या मुलांसाठी सर्वांत उपयोगी पडणारी रीत म्हणजे ‘वरची नोट’. वस्तू ३७ रुपयांची असेल तर दहाच्या चार नोटा द्यायच्या आणि परत किती मिळाले ते घ्यायचे. ज्याला ३७ सुटे मोजणे जन्मभर जमणार नाही, तोही या रीतीने दुकानातून साखर आणू शकतो. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत पसरल्यामुळे हा सराव निरर्थक झाला असे काही पालक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पडद्यावर ३७ ऐवजी ३७० टाकले गेले आहेत हे ओळखायलाही हीच समज लागते.

सोंगट्या उधळणाऱ्या मुलाला काही काळ कोणाविरुद्ध खेळवूच नका. सगळे मिळून एका बाजूला आणि घड्याळ दुसऱ्या बाजूला, असा डाव मांडा : वाळूचे घड्याळ रिकामे होण्याआधी सगळी पाने लागली तर सगळे जिंकले. पाळी कोणाची हे दाखवणारे कार्ड समोर ठेवा. अनेकदा राग हरण्याचा नसतो, आपली पाळी केव्हा येणार हे न कळण्याचा असतो. नंतर दोघांत डाव लावताना शिक्षकाने आधी स्वतः हरावे आणि “हरलो, पुन्हा खेळू” हे वाक्य मोठ्याने म्हणावे. त्या मुलाला ते वाक्य तयार मिळाले पाहिजे.

प्रश्न : आमच्या चौथीच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगी आहे. गणिताच्या खेळांच्या वेळी ती नुसती बसून राहते. खेळात तिला कसे घेता येईल?

उत्तर : खेळ तिच्यासाठी वेगळा न मांडता सर्वांचाच पट बदला. घरांच्या कडांवर जाड सुतळी चिकटवा, म्हणजे बोटाला हद्द कळते. साप खरखरीत कागदाचा आणि शिडी आइसक्रीमच्या काड्यांची करा. प्रत्येक दहाव्या घरावर कापडी चौकोन लावा. सोंगटी सरकू नये म्हणून पटाला व सोंगटीला वेल्क्रो लावावे, कारण हाताने चाचपताना सोंगट्या हलल्या की तिचा सगळा डाव जातो. लाकडी ठोकळ्यावर फेविकॉलचे उंच थेंब वाळवून फासा करता येतो. तो थाळीत टाकायचा, म्हणजे कुठे पडला हे आवाजावरून समजते. पाळी झाल्यावर प्रत्येकाने आपण कोणत्या घरावरून कोणत्या घरावर गेलो हे मोठ्याने सांगायचे असा नियम सगळ्या वर्गाला करा. तो तिच्यासाठी आवश्यक आहे, आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे इतरांनाही लाभाचाच आहे.

लेखी गणितासाठी टेलर फ्रेम (खुंट्या बसवून स्पर्शाने आकडेमोड करण्याची पाटी) आणि अबॅकस (मण्यांची मोजपाटी) तिला आले पाहिजेत. ते शिकवण्यासाठी गट साधन केंद्रात दृष्टिदोष शाखेचे विशेष शिक्षक आहेत का, याची मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचारणा करा. तोंडी केलेल्या मागणीची कोठेही नोंद राहत नाही. टेलर फ्रेमवर संख्या मांडायला तिला वेळ लागेल, म्हणून वर्गातील खेळात तिच्या पाळीला घड्याळ लावू नये.